स्कॅनमध्ये सापडलेली बिनबोलावलेली गाठ

हर्निया किंवा पित्ताशयाच्या शस्त्रक्रियेआधी पोटाचा सीटी स्कॅन होतो आणि अहवालाच्या तळाशी एक ओळ निघते: 'डाव्या ॲड्रिनल ग्रंथीत 18 मिमीची गाठ'. रुग्णाला तिचा काडीचा त्रास नसतो. तरी हर्निया बाजूला राहतो आणि कॅन्सरच्या शंकेने घरादाराची झोप उडते.

मूत्रपिंडांच्या माथ्यावर बसलेल्या या ग्रंथी जेमतेम चार-पाच ग्रॅमच्या. त्यांत अशा गाठी सापडणे मुळीच दुर्मीळ नाही, वय वाढेल तसे प्रमाणही वाढते. बहुतेक गाठी निरुपद्रवी असतात आणि अनेकदा स्कॅनच तसे सांगतो. ग्रंथीच्या बाहेरच्या थरातल्या पेशी कोलेस्टेरॉलपासून संप्रेरके बनवतात, त्यामुळे तिथल्या साध्या गाठीत चरबी साठलेली असते. चरबीमुळे घनता कमी भरते. ही घनता मोजणाऱ्या हाउन्सफील्ड मोजपट्टीवर पाणी 0, हवा उणे 1000. कॉन्ट्रास्ट (शिरेतून दिले जाणारे, स्कॅनवर उठून दिसणारे औषध) न देता काढलेल्या स्कॅनवर गाठ एकसारखी दिसली आणि आकडा 10 किंवा त्याखाली असला, तर ती साधीच समजतात.

भूलतज्ज्ञाला मात्र कॅन्सरपेक्षा वेगळीच धास्ती असते: फिओक्रोमोसायटोमा. ही ग्रंथीच्या गाभ्यातली, ॲड्रिनलिनसारखी संप्रेरके सोडणारी गाठ. ती आहे हे ठाऊक नसताना भूल दिली, तर श्वासनलिकेत नळी घालताना किंवा शस्त्रक्रियेत गाठीला नुसता धक्का लागला तरी रक्तदाब आभाळाला भिडू शकतो, हृदयाचे ठोके बिघडू शकतात. एरवी धडधड, घाम आणि डोकेदुखीचे झटके येतात. पण कित्येकांना यातले काहीच होत नाही, आणि खरी गोम तिथेच आहे.

म्हणून आकडा 10 च्या वर असेल, तर रक्तातली किंवा 24 तासांच्या लघवीतली मेटानेफ्रिन्स, म्हणजे ॲड्रिनलिनसारख्या संप्रेरकांपासून शरीरात बनणारे पदार्थ, तपासतात. त्याआधी सुई घालून तुकडा काढण्याची घाई नको. त्या टोचण्यानेही झटका येऊ शकतो. फिओ निघालाच, तर तातडीची नसलेली शस्त्रक्रिया पुढे ढकलून आधी त्याचा बंदोबस्त करतात. एक-दोन आठवडे अल्फा-ब्लॉकर देऊन रक्तवाहिन्या सैलावतात आणि मग ती गाठ काढतात. गरज पडली तर हृदयाचे ठोके मंदावणारे बीटा-ब्लॉकर देतात, पण अल्फा-ब्लॉकरनंतरच. क्रम उलटला तर रक्तदाब आणखी चढू शकतो.

गाठ बाहेरच्या थरातले कॉर्टिसोल हे संप्रेरक जास्त सोडते का, याची चाचणी सोपी: रात्री 1 मिलिग्रॅम डेक्सामेथासोनची गोळी, सकाळी रक्त. रक्तदाब असेल किंवा पोटॅशियम कमी असेल, तर त्याच थरातले अल्डोस्टेरॉन हे संप्रेरकही पाहतात. सगळे ठीक निघाले, की हर्नियाची तारीख पक्की करायला हरकत नाही.