शिवणघरातले धड आणि काचेआडचा पुतळा

दुकानाच्या काचेआड उभा असलेला नटवलेला पुतळा आणि शिवणघरात दांड्यावर बसवलेले, डोके आणि हात-पाय नसलेले कापडी धड, या दोघांनाही मॅनेक्विन म्हटले जाते. एक कपडा खपवायला मदत करतो, तर दुसरा तो घडवायला, आणि त्यामुळे दोघांच्या वाटा कालांतराने बऱ्याच वेगळ्या झाल्या.

इजिप्तमध्ये १९२२ साली सापडलेल्या तुतनखामेनच्या थडग्यात राजाचे हात नसलेले लाकडी धड मिळाले. राजाची वस्त्रे किंवा दागिने त्यावर चढवून पाहत असावेत, असा तर्क हे थडगे शोधणारे पुरातत्त्वज्ञ हॉवर्ड कार्टर यांनी मांडला; मात्र तो तर्कच आहे. अठराव्या शतकाबद्दल अधिक खात्रीने बोलता येते. पॅरिसमधली नवी फॅशन त्या काळी पोशाख चढवलेल्या बाहुल्यांच्या रूपाने युरोपातल्या दरबारांत पोहोचत असे.

दुकानांच्या दर्शनी काचा मोठ्या झाल्या तसे पूर्णाकृती पुतळे आले. मेणाच्या पुतळ्यांना काचेचे डोळे बसवत आणि खरे केस लावत. पण ते जड असत आणि दिव्यांच्या उष्णतेने मऊ पडत. पुढे कागदाचा लगदा, प्लास्टर आणि दुसऱ्या महायुद्धानंतर फायबरग्लास वापरात आले. पुतळे हलके झाले, तसेच सडपातळही. १९९२ साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये दोन फिनिश संशोधकांनी वेगवेगळ्या दशकांतल्या पुतळ्यांची मापे प्रसिद्ध केली. नंतरच्या काळातल्या पुतळ्यांइतकी कृश स्त्री खरोखर असती, तर तिला बहुधा मासिक पाळीही आली नसती, हा त्यांचा निष्कर्ष होता. ग्राहकाला आपले शरीर ज्याच्याशी ताडून पाहावे लागते, त्या पुतळ्याबाबत ही गोष्ट क्षुल्लक मानता येत नाही.

शिवणघरातले धड मात्र मापाशी बांधलेले राहिले. पॅरिसचे शिंपी अलेक्सी लाविन्य यांनी १८४१ साली शिवणकलेची शाळा काढली. कपडे बेतण्यासाठीचे धड विकसित करण्याचे श्रेय त्यांना दिले जाते. १८६७ पासून स्टॉकमन या संस्थेने अशी धडे बनवण्याचा व्यवसायच उभा केला. या धडावर छाती, कंबर, नितंब आणि पुढचा-मागचा मध्य दाखवणाऱ्या फिती लावतात, मग मांजरपाटाचा उभा धागा मध्यरेषेवर ठेवून टाचण्या मारतात आणि जादा कापड चिमटीत धरून टक्सची, म्हणजे कपडा अंगाबरोबर बसवणाऱ्या शिवलेल्या चिमट्यांची, जागा ठरवतात. खुणा करून कापड उतरवले आणि सपाट पसरले की त्यावरून कागदी नमुना निघतो. फ्रेंच वेशभूषाकार मादलेन व्हिओने तर लहान आकाराच्या लाकडी बाहुलीवर उरेब, म्हणजे धाग्यांना तिरके धरलेले, कापड गुंडाळून आपले पोशाख रचत. उरेब कापड स्वतःच्या वजनाने ताणले जाते आणि अंगासरशी उतरते, त्यामुळे ते कसे पडेल हे कागदावरच्या आकड्यांवरून नीट कळत नाही.

पॅरिसच्या उंची शिवणघरांत नेहमीच्या ग्राहकासाठी स्वतंत्र धड ठेवण्याची रीत आहे. तयार धडावर कापसाचे थर चढवून खांद्याचा उतार, पाठीचा बाक, पोटाची गोलाई त्या व्यक्तीप्रमाणे आणतात, आणि तिचे माप बदलले की थरही बदलतात.