शुद्धलेखन, व्याकरण आणि वर्णनलेखन (प्राथमिक शाळा)

मराठी शाळेत पहिली ते पाचवीच्या पोरांना लिहायला शिकवताना तीन गोष्टी एकमेकींत गुंतलेल्या असतात, शब्द बरोबर लिहिणं, वाक्य नीट बांधणं आणि आपण पाहिलेलं दुसऱ्यालाही दिसेल असं मांडणं. टाइमटेबलमध्ये यांचे वेगळे तास नसतात, व्याकरणाचं वेगळं पुस्तकही नसतं, धडा झाला की खालच्या स्वाध्यायात चार ओळी व्याकरणाच्या, चार शब्दखेळाच्या आणि शेवटी ‘पाच-सहा वाक्यं लिहा’ असं सगळं एकत्रच येतं.

शुद्धलेखन हा शब्द शाळेत तीन अर्थांनी चालतो आणि त्यामुळे पालकांचा बऱ्याचदा गोंधळ होतो. एक म्हणजे लेखनाचे नियम. दुसरं म्हणजे बाई शब्द सांगतात आणि पोरं लिहितात ते, त्याला खरं तर श्रुतलेखन म्हणायचं. तिसरं म्हणजे घरी पुस्तकातलं एक पान वहीत उतरवून आणायचं, ते अनुलेखन. ‘रोज एक पान शुद्धलेखन’ हा होमवर्क महाराष्ट्रात कित्येक पिढ्यांनी केलाय, पण त्यात अक्षर वळणदार होतं, शब्द लक्षात राहतीलच असं नाही, कारण पोरगं अक्षर बघून अक्षर काढत असतं, शब्द त्याच्या कानावरून जातच नाही. आणि शुद्ध म्हटलं की बाकीचं आपोआप अशुद्ध ठरतं म्हणून भाषेचा अभ्यास करणारे बरेच जण ‘प्रमाणलेखन’ म्हणतात, तो शब्द मलाही पटतो, पण वर्गात अजून शुद्धलेखनच चालतं म्हणून इथेही तोच ठेवलाय.

नियम कुठून आले

दादोबा पांडुरंग तर्खडकरांचं मराठी व्याकरण १८३६ मध्ये छापलं गेलं आणि शाळेतल्या व्याकरणाची चौकट तिथून सुरू झाली. मोरो केशव दामल्यांचं मोठं व्याकरण १९११ चं. पूर्णविराम, स्वल्पविराम, प्रश्नचिन्ह ही मंडळी इंग्रजीतून आली आणि ती मराठीत रुळवण्याचं श्रेय मेजर थॉमस कँडी या इंग्रज कोशकाराला देतात. त्याआधीच्या मोडी कागदांत विरामचिन्हं नाहीत, दोन शब्दांत मोकळी जागासुद्धा नाही, आणि ऱ्हस्व-दीर्घ असा फरकही मोडी करत नाही. म्हणजे पूर्वी व्यवहाराचं लिहिणारा माणूस वेलांटी पहिली की दुसरी या काळजीत पडतच नव्हता, ती काळजी बाळबोध म्हणजे देवनागरी लिपीबरोबर आणि छापखान्याबरोबर आली.

आज शाळेत जे नियम चालतात ते मराठी साहित्य महामंडळाचे. १९६२ मध्ये चौदा नियम राज्य सरकारने मान्य केले, १९७२ मध्ये त्यात चार वाढले, एकूण अठरा. यातला सगळ्यात मोठा बदल अनुस्वारांचा होता. आधी ‘नांव’, ‘पांच’, ‘कांहीं’, ‘केलें’ असं लिहायचे, जिथे नाकात उच्चार होतच नाही तिथलं टिंब १९६२ ला गेलं. जुन्या वळणाचे आजोबा-आजी नातवाला ‘नांव’ लिहायला लावायचे आणि शाळेत बाई त्यावर लाल रेघ मारायच्या, आणि पोराला कळायचं नाही की चुकलं कोण, तर कुणीच नाही, फक्त नियम बदललेला. ही गोष्ट पोरांना सांगावी, नियम माणसांनी ठरवलेत आणि माणसं ते बदलतात हे चौथीच्या पोराला छान कळतं.

नंतर ६ नोव्हेंबर २००९ च्या शासन निर्णयाने वर्णमालेत ॲ आणि ऑ हे स्वर आले आणि बाराखडीची चौदाखडी झाली. ‘बॅट’, ‘बॉल’, ‘डॉक्टर’ हे शब्द पोरांच्या तोंडी होतेच, आता त्यांच्या स्वरांनाही तक्त्यात हक्काची जागा मिळाली.

पहिली की दुसरी

मराठी लिहिण्यातली सगळ्यात मोठी अडचण म्हणजे वेलांटी आणि उकार. वर्गात ऱ्हस्व-दीर्घ म्हणत नाहीत, ‘पहिली वेलांटी’, ‘दुसरा उकार’ म्हणतात, श्रुतलेखन चालू असताना मागच्या बाकावरून हमखास आवाज येतो, “बाई, पहिली का दुसरी?” हा प्रश्न खरा आहे. आपण बोलताना दिन (दिवस) आणि दीन (गरीब) सारखेच म्हणतो, सुत आणि सूत यांतही कानाला फरक लागत नाही. मराठीत इ आणि ई यांची लांबी बहुतेक वेळा शब्दात तो स्वर कुठे बसलाय यावर ठरते. आणि नेमकं हेच शिकवायला सोपं आहे, पण आपण ते सांगत नाही, आपण एकदम अठरा नियमांचा चार्ट लावतो.

शब्दाच्या शेवटी आला की दीर्घ: पाटी, कवी, गुरू, वस्तू. अपवाद आणि, नि, शिवाय परंतु, तथापि यांसारखी संस्कृतातून तशीच आलेली काही अव्ययं. पोरांना मजा वाटते ती रवी आणि रविवारची. रवी लिहिताना दुसरी वेलांटी, रविवार लिहिताना पहिली, गुरू आणि गुरुवारचंही तसंच, कारण मागे वार लागला की वेलांटी शेवटी राहिलीच नाही आणि शब्द आपल्या मूळ संस्कृत रूपावर जातो.

शेवटच्या अक्षराला काना-मात्रा काहीच नसेल तर त्याच्या आधीची वेलांटी किंवा उकार दीर्घ: फूल, खीर, तूप, बहीण, गरीब, नागपूर. आणि त्याच शब्दाला प्रत्यय लागला की ऱ्हस्व: फुलाला, खिरीत, तुपाचा, बहिणीला, गरिबाला, नागपुरात. हे पाठ करायचं नाही, मोठ्याने म्हणायचं. तिसरीच्या वर्गात फळ्यावर फक्त ‘फूल’ लिहावं, सगळ्यांना म्हणायला लावावं, म्हणताना हात पुढे लांबवत न्यायला सांगावा, मग ‘फुलाला’ म्हणायला लावावं. हात आपोआप आखडतो. फूऽल लांब, फुलाला आखूड. मग बाकीचे शब्द पोरंच आणतात, मूल-मुलाला, सून-सुनेला, वकील-वकिलाला, आणि एखादा म्हणतो बेडूक-बेडकाला, इथे तर उकारच गेला, तेव्हा त्याला शाबासकी द्यावी, कारण लाकूड-लाकडाला, पाऊस-पावसाला ही वेगळी चाल त्यानेच शोधून काढली.

अवघड जातात ते संस्कृतातून जसेच्या तसे आलेले शब्द, त्यांना हा कानाचा नियम लागू नाही. गुण, विष, मंदिर यांत लांब व्हायला हवं ते होत नाही, आणि शरीर-शरीरात, परीक्षा यांत आखूड व्हायला हवं ते होत नाही. म्हणूनच ‘परिक्षा’ ही चूक एवढी दिसते, कान तसंच सांगतो. अशा शब्दांची छोटी यादी वर्गात टांगून ठेवावी, रोज नजरेखालून जाऊ द्यावी, नियम म्हणून समजावायला जाऊ नये. मोठ्यांनाही यासाठी डिक्शनरी उघडावी लागते, तर आठ वर्षांच्या पोराचे मार्क कापण्यात काय अर्थ आहे.

दुसरी अडचण र ची. सूर्यातला रफार, चक्रातला र, राष्ट्रातला र आणि दऱ्यातला अर्धा र, एकाच आवाजाची चार रूपं. रफार कुठे द्यायचा यात पोरं अडकतात, ‘आर्शिवाद’ तर बॅनरवरही दिसतो. शब्द तोडून म्हणायला लावावा: आ, शी, र्, वा, द. र् नंतर जे अक्षर येतं त्याच्या डोक्यावर रफार, म्हणजे वा वर. एवढं एकदा कळलं की ‘आशीर्वाद’ चुकत नाही. आणि दर्या म्हणजे समुद्र, दऱ्या म्हणजे डोंगरामधल्या खोल जागा, हा फरक चित्र काढून दाखवला की वर्षभर लक्षात राहतो.

व्याकरण पोराकडे आधीच असतं

चार वर्षांच्या पोराला कुणी शिकवलेलं नसतं तरी ते घोडा-घोड्याला, झाड-झाडाला, भिंत-भिंतीला बरोबर म्हणतं. सामान्यरूप (प्रत्यय लागण्याआधी शब्दाचं होणारं रूप, जसं घोडा-चं घोड्या) म्हणजे काय हे पुढे मोठ्या वर्गात येतं, पण ते चालवता शाळेत यायच्या आधीपासून येतं. म्हणून प्राथमिक शाळेतलं व्याकरण म्हणजे येत असलेल्या गोष्टीला नाव देणं. तो-ती-ते लावून लिंग ओळखायचं, एक-अनेक करून वचन, कोण-काय विचारून नाम, कसा-कशी-कसं विचारून विशेषण. व्याख्येने सुरुवात केली की पोरं ‘नामाबद्दल विशेष माहिती सांगणाऱ्या शब्दाला विशेषण म्हणतात’ हे घडाघडा म्हणतात आणि समोरच्या वाक्यातलं विशेषण मात्र सापडत नाही.

पुढे विभक्तीचा तक्ता येतो, ‘स ला ते, स ला ना ते’ हे चालीवर पाठ होतं. द्वितीया आणि चतुर्थीचे प्रत्यय तेच असल्यामुळे हुशार पोरगं विचारतं की मग या दोन का, आणि हा प्रश्न उत्तम आहे, कारण आठ विभक्त्यांची ही मांडणी संस्कृतवरून घेतलेली आहे, मराठीत प्रत्यय लागण्याआधी शब्द बदलतो ही आपली खासियत त्या तक्त्यात दिसत नाही. शिष्यवृत्ती परीक्षा २०१६-१७ पासून काही वर्षं चौथीऐवजी पाचवीला होती, तिच्या पहिल्या पेपरात लिंग, वचन, म्हणी, शब्दसमूहाबद्दल एक शब्द असे बहुपर्यायी प्रश्न येतात, त्यामुळे चौथी-पाचवीत व्याकरण म्हणजे गोल काळे करायची तयारी होऊन बसतं.

वर्णन

पहिली-दुसरीत चित्र पाहून सांगायचं, तिसरी-चौथीत चित्र पाहून लिहायचं, मग ‘माझी आई’, ‘पावसाळ्यातला एक दिवस’, ‘मी पाहिलेली जत्रा’. निबंधाचं पुस्तक घरात असलं की चाळीस पोरांच्या चाळीस आया एकसारख्या होतात, सगळ्या पहाटे लवकर उठतात आणि सगळ्या प्रेमळ असतात. एवढ्या वेगवेगळ्या घरांतली ही पोरं, आणि वहीत एकही घर दिसत नाही, याचं मला फार वाईट वाटतं.

‘आमच्या गावचा बाजार’ या विषयावर चौथीतलं पहिलं लिखाण साधारण असं असतं: आमच्या गावात बाजार भरतो. बाजार मोठा असतो. बाजारात भाजी मिळते. मला बाजार खूप आवडतो. वाक्यं बरोबर आहेत, शुद्धलेखन बरोबर आहे, आणि बाजार कुठेच नाही. इथे ‘छान लिही’, ‘अजून विशेषणं वापर’ असं सांगून उपयोग नसतो, ‘सुंदर बाजार’, ‘रम्य बाजार’ एवढंच होतं. प्रश्न विचारायचे. तू कुठून आत शिरतोस? आधी काय दिसतं का वास येतो? कोण ओरडत असतं, काय ओरडतं? तुझ्या हातात काय असतं? अशा प्रश्नांवर एका पोराने सांगितलं होतं की गिरणीच्या कोपऱ्यावरूनच सुक्या बोंबलाचा वास लागतो आणि आजी ती पिशवी मलाच धरायला देते, मग मी दुसऱ्या हातानं नाक दाबतो. हेच लिही म्हटलं तर तो बघत राहिला, हे निबंधात चालतं हेच त्याला माहीत नव्हतं.

म्हणून लिहिण्याआधी बोलणं हवं. कोल्हापूरला लीलाताई पाटलांनी १९८५ मध्ये सुरू केलेल्या सृजन आनंद विद्यालयात पोरांच्या स्वतःच्या अनुभवाला शिकण्यात जागा होती, फलटणला मॅक्सिन बर्नसनबाईंच्या कमला निंबकर बालभवनातही पोराच्या घरच्या भाषेला मान देत वाचायला-लिहायला शिकवण्यावर खूप काम झालं. साध्या झेडपीच्या शाळेतही हे जमतं, खर्च काहीच नाही, फक्त पोरं बोलत असताना थांबून ऐकावं लागतं, आणि एकाच शिक्षकाकडे दोन-तीन वर्ग असले की तेच सगळ्यात अवघड पडतं.

घरची भाषा

पोरगं ‘पानी’, ‘आनी’, ‘व्हतं’ लिहितं तेव्हा ती स्पेलिंगची चूक नसते, तो तसंच बोलतो आणि कान लावून लिहितो, म्हणजे लिहिण्याची मुख्य गोष्ट त्याला आलेली असते. न आणि ण चा फरक त्याला शिकवायचाच आहे, पण ‘तुझं मराठी अशुद्ध आहे’ म्हणून नाही. घरी अहिराणी, मालवणी, कोरकू, गोंडी, पावरी बोलणाऱ्या पोरांचा प्रश्न याहून मोठा, कोरकू किंवा गोंडी पोराला तर शाळेतली मराठी ही नवी भाषाच असते. अमेरिकेतल्या वीकेंडच्या मराठी शाळांत उलटं होतं, तिथे लिहिण्याआधी तो-ती-ते अडतं, ‘माझा पुस्तक’ म्हणणाऱ्या पोराला ते ऐकू येण्याइतकी मराठी आधी घरात कानावर पडावी लागते.

तपासताना बऱ्याच शिक्षकांनी एक चांगली पद्धत ठेवलीय. पहिल्या वाचनात पेन हातात घ्यायचंच नाही. दुसऱ्या वाचनात एकाच प्रकारच्या चुकांना खूण करायची, या आठवड्यात फक्त शेवटच्या वेलांट्या, पुढच्या आठवड्यात फक्त रफार. आणि बोलीतलं एखादं वाक्य तसंच राहू द्यायचं, शेजारी समासात पेन्सिलीने पुस्तकी रूप लिहायचं. ‘आजी पिशवी माझ्याकडं देती’ वहीत तसंच, बाजूला बारीक अक्षरात ‘देते’.