पाच किलो तांदूळ, दीड किलो डाळ

महिन्याला माणशी पाच किलो तांदूळ, दीड किलो डाळ आणि जीवनसत्त्वांच्या गोळ्या. झारखंडच्या चार जिल्ह्यांत २०१९ पासून टीबीच्या रुग्णांच्या घरी असा शिधा पोचवला गेला. तो होता घरातल्या बाकीच्या, अजून आजारी न पडलेल्या माणसांसाठी. प्रश्न साधा होता: या माणसांना पोटभर मिळालं, तर त्यांना टीबी होणं टळेल का?

डॉ. अनुराग भार्गव, डॉ. माधवी भार्गव आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ही चाचणी एखाद्या औषधाची घ्यावी तशीच घेतली. २,८०० रुग्ण आणि त्यांच्या घरातली १०,३४५ माणसं. रुग्णाला औषधं आणि महिन्याला १० किलोचा शिधा दोन्ही गटांत मिळत होता. घरातल्या इतरांसाठीचा शिधा मात्र एकाच गटाला. २०२३ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. ज्या घरांत सगळ्यांना शिधा मिळाला, तिथे नव्याने टीबी होण्याचं प्रमाण ३९ टक्क्यांनी घटलं. तपासणीत जंतू सापडलेला फुप्फुसाचा टीबी तेवढा मोजला, तर घट ४८ टक्के. एखाद्या लशीने एवढं केलं असतं, तर ती बातमी पहिल्या पानावर आली असती.

हे होतं कसं? टीबीचा जंतू श्वासावाटे आत गेला म्हणजे माणूस आजारी पडलाच असं नाही. शरीरातल्या पेशी जंतूभोवती कडं करतात आणि त्याला तिथेच कोंडून ठेवतात. संसर्ग झालेल्या शंभरातल्या पाच ते दहा जणांनाच आयुष्यात कधीतरी प्रत्यक्ष आजार होतो. पण हे कडं टिकवायला शरीराला रोज प्रथिनं लागतात, ऊर्जा लागते. उपासमार झाली की पहारा ढिला पडतो आणि वर्षानुवर्षं कोंडलेला जंतू बाहेर येतो.

झारखंडच्या त्या रुग्णांत दर पाचातले चार जण कमी वजनाचे होते. जवळजवळ निम्म्यांचा बॉडी मास इंडेक्स, म्हणजे उंचीच्या मानाने वजन किती याचं माप, १६ च्याही खाली. म्हणजे १६० सेंटीमीटर उंचीच्या मोठ्या माणसाचं वजन ४१ किलोच्या आत! हे आकडे वाचताना माझा हात थांबला. उपचाराच्या पहिल्या दोन महिन्यांत ज्यांचं वजन पाच टक्क्यांनी वाढलं, त्यांच्या मृत्यूचा धोका ६१ टक्क्यांनी कमी दिसला. पाच टक्के म्हणजे ४० किलोच्या माणसाचे अवघे दोन किलो.

इंग्लंडचा इतिहासही याच बाजूने बोलतो. रॉबर्ट कॉखने टीबीचा जंतू शोधला १८८२ मध्ये, आणि स्ट्रेप्टोमायसिन हे पहिलं परिणामकारक औषध आलं १९४० च्या दशकात. तोवर तिथले टीबीचे मृत्यू आधीच खूप खाली आले होते. त्याचं श्रेय नेमकं कशाला, यावर अभ्यासकांत वाद आहेत, पण खाणं आणि घरं सुधारल्याचा वाटा त्यात मोठा मानला जातो.

घरांचं म्हणाल तर मुंबईतल्या गोवंडीकडे बघा. झोपडपट्टीतून उठवलेल्या कुटुंबांसाठी नटवर पारेख कंपाउंडमध्ये आठ मजल्यांच्या इमारती उभ्या राहिल्या, एकमेकींपासून जेमतेम तीन मीटरवर. खालच्या मजल्यांवर भरदुपारीही दिवा लावावा लागतो. खिडकी उघडली की समोर भिंत. ऊन नाही, वारा खेळत नाही, आणि एकाने खोकलं की ती हवा खोलीतच फिरत राहते. अशा वसाहतींच्या पाहणीत टीबीचा आणि या कोंदटपणाचा संबंध दिसून आला. पक्कं घर मिळालं, पण श्वास घ्यायला जागा मिळाली नाही. ही चूक नकाशावरच झाली, आणि ती टाळता आली असती.

त्यात कमावता माणूस आजारी पडला की रोजगार बुडतो, मग ताटातलं आधी डाळ-दूध जातं आणि घरातला पुढचा माणूस जंतूच्या तावडीत सापडतो. सरकारच्या निक्षय पोषण योजनेतून टीबीच्या रुग्णाला २०१८ पासून महिन्याला ५०० रुपये मिळत होते, नोव्हेंबर २०२४ पासून १,००० मिळतात. घरच्यांनाही पोषणाचा शिधा द्यायचं धोरण आता आलं आहे, हे फार चांगलं झालं. मात्र ते पैसे आणि तो शिधा उपचाराच्या पहिल्या आठवड्यातच घरी यायला हवा. वजनाचे ते दोन किलो पहिल्या दोन महिन्यांतच भरून यावे लागतात.