बाद फेरीचं दार: टेक्सासच्या शालेय फुटबॉलची शंभर वर्षं

नोव्हेंबरचा पहिला आठवडा सरला की टेक्सासमधल्या शाळांत एकच शब्द कानावर पडतो: बाय-डिस्ट्रिक्ट. साखळी सामने संपलेले असतात, दिवाळीच्या फराळाने डब्याचा तळ गाठलेला असतो आणि ‘आपला संघ आत आहे का?’ हा प्रश्न घरोघर सुरू होतो. प्लेनो, फ्रिस्को, केटी, राउंड रॉक इथल्या मराठी घरांतही तो विचारला जातो. मूल मैदानावर खेळत नसलं तरी बँडमध्ये ट्रम्पेट किंवा क्लॅरिनेट वाजवत असतं आणि संघ पुढे गेला की बँडलाही पुढच्या शुक्रवारी जावं लागतं. मग सान अँटोनियोच्या अलामोडोममधली राज्य बँड स्पर्धा, शाळेच्या परीक्षा आणि हा सामना अशी वेळेची ओढाताण चालू होते.

हा फुटबॉल म्हणजे आपल्याकडचा पायाने खेळायचा फुटबॉल नव्हे. अंडाकृती चेंडू, दोन्ही बाजूंनी अकरा-अकरा खेळाडू, हेल्मेट, खांद्यांवर जाड पॅड, आणि चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकायची सक्ती. शुक्रवारी रात्री गाव ओस पडतं आणि स्टेडियम भरतं, हे वर्णन टेक्सासच्या पश्चिम भागात आजही खरं आहे. बाय-डिस्ट्रिक्ट ही बाद फेरीतली पहिली पायरी: एका गटातले संघ शेजारच्या गटातल्या संघांशी भिडतात म्हणून हे नाव. हरला तो घरी.

पण या पायरीपर्यंत पोचतं कोण? गेल्या शंभर वर्षांत या प्रश्नाचं उत्तर अनेकदा बदललं आहे, आणि माझ्या मते टेक्सासच्या शालेय फुटबॉलचा खरा इतिहास विजेत्यांच्या यादीपेक्षा या दारापाशी जास्त सापडतो.

ही स्पर्धा भरवते युनिव्हर्सिटी इंटरस्कोलॅस्टिक लीग, म्हणजे यूआयएल. ऑस्टिनच्या टेक्सास विद्यापीठाच्या आधाराने 1910 साली ती सुरू झाली तेव्हा तिचा फुटबॉलशी काही संबंध नव्हता. ती शाळांच्या वादविवाद स्पर्धांसाठी होती. खेळ थोड्या वर्षांनी आले. यूआयएल आजही गणित, वक्तृत्व, एकांकिका आणि बँड यांच्या स्पर्धा घेते. आपल्याकडच्या आंतरशालेय स्पर्धांची सवय असलेल्या वाचकाला एकाच संस्थेने वक्तृत्व आणि फुटबॉल दोन्ही सांभाळणं ओळखीचं वाटेल.

फुटबॉलचं पहिलं राज्य विजेतेपद 1920च्या मोसमाचं. क्लीबर्न आणि ह्यूस्टनची हाइट्स या दोन शाळा अंतिम सामन्यात भिडल्या, निकाल 0-0 लागला आणि विजेतेपद वाटून घ्यावं लागलं. पुढच्या काही वर्षांत वेको या गावाचा दबदबा होता. प्रशिक्षक पॉल टायसन यांच्या हाताखाली वेकोने 1922, 1925, 1926 आणि 1927 असं चार वेळा राज्य जिंकलं. तेव्हाची बाद फेरी कठोर होती. गटातून एकच संघ पुढे जायचा, तो म्हणजे गटविजेता. ऑक्टोबरमध्ये गटातला एक सामना घसरला की बहुतेकदा वर्ष संपलं. आज जुनी माणसं ‘आमच्या वेळी बाद फेरी म्हणजे बाद फेरी होती’ असं म्हणतात ते यामुळेच, आणि त्यात तथ्य आहे: एकेका गटातले दोन उत्तम संघ एकमेकांशी खेळले की त्यातला एक डिसेंबर पाहू शकत नसे.

त्या पद्धतीने पहिल्या फेरीला काय मोल दिलं हे 29 नोव्हेंबर 1963च्या एका सामन्यात दिसतं. केनेडी यांची डॅलसमध्ये हत्या होऊन बरोबर एक आठवडा झाला होता. सान अँटोनियोच्या अलामो स्टेडियममध्ये, दगडाच्या जुन्या खाणीत 1940 साली उभ्या राहिलेल्या मैदानावर, बाय-डिस्ट्रिक्टचा सामना होता: ब्रॅकनरिज विरुद्ध रॉबर्ट ई. ली. ब्रॅकनरिज आदल्या वर्षीचा राज्यविजेता. त्याचा चेंडू घेऊन धावणारा कृष्णवर्णीय खेळाडू वॉरन मॅकव्हे आणि लीचा लिनस बेअर यांनी त्या रात्री जे केलं ते सान अँटोनियोत अजून सांगितलं जातं. मॅकव्हेने एकट्याने 38 गुण केले, बेअरने 37. ली 55-48 असा जिंकला. दोघंही गटविजेते होते, राज्य जिंकायची ताकद दोघांकडेही होती, आणि पहिल्याच फेरीत एकाचा मोसम संपला. मॅकव्हे पुढे ह्यूस्टन विद्यापीठात गेला. टेक्सासच्या मोठ्या विद्यापीठांच्या संघांची दारं कृष्णवर्णीय खेळाडूंना बंद होती, ती उघडणाऱ्यांत तो पहिला.

मॅकव्हे त्या मैदानावर होता हीच त्या काळात मोठी गोष्ट. सान अँटोनियोत शाळा तुलनेने लवकर एकत्र झाल्या. यूआयएलचं सदस्यत्व मात्र गोऱ्या शाळांपुरतं होतं, आणि कृष्णवर्णीय मुलांच्या शाळांची वेगळी संघटना होती: प्रेअरी व्ह्यू इंटरस्कोलॅस्टिक लीग. तिची स्वतःची गटवारी होती, 1940पासून स्वतःचं फुटबॉल विजेतेपद होतं. शुक्रवारची रात्र आणि गावातलं चांगलं स्टेडियम गोऱ्या शाळांकडे असायचं, म्हणून या शाळा बुधवारी किंवा गुरुवारी खेळत. तरीही ह्यूस्टनच्या जॅक येट्स आणि फिलिस व्हीटली या दोन शाळांचा थँक्सगिव्हिंगच्या दिवशीचा सामना बघायला तीस-तीस हजार माणसं यायची. टेंपलच्या डनबार शाळेतून जो ग्रीन आला, जो पिट्सबर्गकडून चार सुपर बोल, म्हणजे व्यावसायिक फुटबॉलची अंतिम विजेतेपदं, जिंकला. ब्यूमॉन्टच्या चार्ल्टन-पोलार्डमधून बब्बा स्मिथ आला, 1967च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे व्यावसायिक संघांच्या खेळाडू-निवडीत, सगळ्यांत आधी निवडलेला खेळाडू.

1960च्या दशकाच्या मध्यावर यूआयएलने नियमातली ती अट काढली, 1967पासून कृष्णवर्णीय शाळा तिच्या स्पर्धांत उतरू लागल्या आणि 1970मध्ये प्रेअरी व्ह्यू लीग बंद झाली. न्याय झाला, पण किंमत एकाच बाजूने मोजली. अनेक कृष्णवर्णीय शाळा बंद पडल्या, त्यांचे चषक आणि फोटो हरवले किंवा फेकले गेले. वर्षानुवर्षं मुख्य प्रशिक्षक असलेल्या माणसांना एकत्र झालेल्या शाळेत सहायक म्हणून उभं राहावं लागलं. विक्रमांच्या याद्या वाचताना ‘सर्वकालीन’ हा शब्द मला म्हणूनच खटकतो. 1920 ते 1967 या काळातल्या यूआयएलच्या आकड्यांत अर्धंच टेक्सास आहे.

दार अरुंद असलं की बरोबरीचा प्रश्न जीवघेणा होतो. टेक्सासमध्ये बाद फेरीतला सामना बरोबरीत सुटला तर जादा वेळ नसे. कोणता संघ प्रतिस्पर्ध्याच्या वीस यार्डांच्या आत किती वेळा शिरला ते मोजत. त्याला ‘पेनिट्रेशन’ म्हणत. तेही समान असेल तर फर्स्ट डाउन, म्हणजे दहा यार्डांची सक्ती किती वेळा पूर्ण केली ते, मोजायचे. ॲबिलीन शाळेने प्रशिक्षक चक मोझर यांच्या काळात 1954, 1955, 1956 अशी लागोपाठ तीन विजेतेपदं मिळवली आणि सलग 49 सामने जिंकले. ही साखळी पराभवाने तुटली नाही. 1957च्या उपांत्य सामन्यात डॅलसच्या हायलँड पार्कशी 20-20 अशी बरोबरी झाली आणि पेनिट्रेशनच्या हिशेबात हायलँड पार्क पुढे गेला. 1984च्या अंतिम सामन्यात तर ओडेसाची पर्मियन आणि ब्यूमॉन्टची फ्रेंच या शाळांनी 21-21 नंतर विजेतेपद वाटून घेतलं. जादा वेळेचा नियम शाळांकडे 1990च्या दशकात आला, तोही कॉलेजांच्या वाटेने, कारण टेक्सासच्या शाळा कॉलेज फुटबॉलच्या नियमांनी खेळतात.

दरम्यान 1982पासून मोठ्या शाळांच्या गटांतून एकाऐवजी दोन संघ पुढे जाऊ लागले होते. तरीही ताण कमी झाला नाही, हे 1988ने दाखवलं. पश्चिम टेक्सासच्या तेलपट्ट्यातल्या तीन शाळा, पर्मियन, मिडलँड ली आणि मिडलँड हाय, सारख्याच गुणांवर अडकल्या. जागा दोन, संघ तीन. निर्णय नाणेफेकीवर. तिन्ही प्रशिक्षक मध्यरात्रीनंतर एका ट्रकथांब्यावर जमले. गर्दी टाळायला ठिकाण गुप्त ठेवलेलं, पण स्थानिक टीव्हीने ते थेट दाखवलं आणि गावं जागी राहिली. तिघांनी एकदम नाणं उडवायचं, ज्याचं वेगळं पडेल तो बाहेर. मिडलँड हायचं वेगळं पडलं. पर्मियन उपांत्य फेरीपर्यंत गेला आणि डॅलस कार्टरकडून 14-9 असा हरला.

कार्टरने ते विजेतेपद जिंकलं, आणि नंतर गमावलं. 1984 साली टेक्सासने शिक्षणसुधारणेचा कायदा केला होता. गव्हर्नर मार्क व्हाइट यांनी उद्योगपती रॉस पेरो यांच्यावर ते काम सोपवलं होतं आणि त्यातून ‘नो पास, नो प्ले’ हा नियम आला: कोणत्याही विषयात 70पेक्षा कमी गुण असतील तर त्या विद्यार्थ्याने काही आठवडे मैदानावर उतरायचं नाही. फुटबॉलवेड्या गावांनी या नियमाला कडाडून विरोध केला. कार्टरच्या एका खेळाडूच्या बीजगणिताच्या गुणांवरून वाद झाला, प्रकरण न्यायालयात गेलं, संघ न्यायालयाच्या आदेशावर खेळत राहिला आणि शेवटी विजेतेपद उपविजेत्या कॉन्व्हर्स जडसनला दिलं गेलं. वाद कसाही असो, नियम मला योग्य वाटतो. वर्गातल्या कामगिरीला मैदानाच्या दारावर उभं करणारं राज्य फुटबॉलपुढे सगळं विसरतं असं म्हणता येत नाही.

त्यानंतर दार रुंदच होत गेलं. 1990मध्ये सगळ्यांत मोठ्या शाळांचा वर्ग दोन विभागांत फोडला. गटातून तीन संघ, मग चार, असं प्रमाण वाढलं. 2014मध्ये 6ए हा नवा वर्ग आला. आज 1ए ते 6ए असे सहा वर्ग, प्रत्येकात दोन विभाग, म्हणजे एकाच डिसेंबरमध्ये बारा राज्यविजेते. शाळेचा वर्ग ठरतो पटसंख्येवर. दर दोन वर्षांनी फेरगटवारी होते आणि सम वर्षाच्या फेब्रुवारीच्या सुरुवातीला ती जाहीर होते, त्या सकाळी प्रशिक्षक कागद हातात पडायची वाट पाहत उभे असतात. 6एमध्ये तर विभागही मोसम संपल्यावर ठरतो: गटातल्या पहिल्या चार संघांपैकी जास्त पटाच्या दोन शाळा पहिल्या विभागात, कमी पटाच्या दोन दुसऱ्यात.

सगळ्यांत खालच्या 1ए वर्गाबद्दल दोन शब्द सांगायलाच हवेत. ज्या गावाच्या शाळेत शंभराच्या आसपास किंवा त्याहूनही कमी मुलं आहेत तिथे अकरा खेळाडू जमत नाहीत. स्टीफन एप्लर या शिक्षकाने 1934मध्ये नेब्रास्कात सहा जणांचा फुटबॉल रचला, 1938च्या सुमारास तो टेक्सासमध्ये आला. मैदान 80 यार्ड लांब आणि 40 रुंद, दहाऐवजी पंधरा यार्ड पुढे सरकायचं, आणि मध्यंतरानंतर कुणी 45 गुणांनी पुढे गेलं की सामना तिथेच थांबतो. राज्य विजेतेपद मात्र या मुलांना 1972पासूनच मिळू लागलं. वाळवंटाच्या कडेवरच्या गावांना राज्य विजेतेपदाचं दार चौतीस वर्षं बंद होतं, याची नोंद फारशी कुणी घेत नाही.

आता आक्षेप असा की चार-चार संघ आत घेतल्याने पहिली फेरी पातळ झाली. पाच संघांच्या गटातून चार पुढे जातात. जिंकलेल्या सामन्यांपेक्षा हरलेले जास्त असलेला संघही बाय-डिस्ट्रिक्ट खेळतो, आणि गटविजेत्याकडून पन्नास गुणांनी हरतो. हे खरं आहे. पण मी या आक्षेपाच्या बाजूने नाही. शेवटच्या वर्षातल्या सतरा-अठरा वर्षांच्या बहुतेक मुलांना कॉलेजच्या संघात जागा मिळत नाही. पॅड बांधून खेळायचा तो त्यांचा शेवटचा महिना असतो, आणि त्यात एक शुक्रवार वाढवून दिल्याने 1963च्या अलामो स्टेडियमची उंची कमी होत नाही. शिवाय चौथ्या क्रमांकाचा संघ कधीकधी जिंकतोही.

शुक्रवार शाळांसाठी राखून ठेवण्याची सोय तर देशाच्या कायद्यातच आहे. 1961च्या क्रीडा प्रसारण कायद्याने सप्टेंबर ते डिसेंबरच्या मध्यापर्यंत शुक्रवारी संध्याकाळी आणि शनिवारी, जवळपास शाळेचा किंवा कॉलेजचा सामना असेल तर व्यावसायिक फुटबॉलच्या प्रक्षेपणाला कायद्याचं संरक्षण नाकारलं. त्यामुळे एनएफएल, म्हणजे व्यावसायिक फुटबॉलची लीग, त्या वाटेला क्वचितच जाते.

अंतिम सामने आता आर्लिंग्टनच्या एटीअँडटी स्टेडियममध्ये होतात. 2013मध्ये तिथे ॲलन विरुद्ध पेअरलँड या शालेय सामन्याला 54,347 प्रेक्षक होते. अकरा जणांच्या फुटबॉलमध्ये तिथपर्यंत पोचायला बाय-डिस्ट्रिक्ट, एरिया, रीजनल उपांत्य, रीजनल अंतिम आणि राज्य उपांत्य अशा पाच फेऱ्या जिंकाव्या लागतात. पहिल्याच शुक्रवारी निम्मे संघ गळतात. त्यांची बस मध्यरात्री शाळेच्या आवारात परतते, बँडची मुलं वाद्यं उतरवतात, आणि सोमवारी खेळाडू रांगेत उभे राहून हेल्मेट आणि पॅड जमा करतात.