रस्त्यावरचा पट्टा कशाने टिकतो?

रस्त्यावर मारलेले पांढरे पट्टे एका पावसाळ्यात उडाले, की सगळे रंगाच्या नावाने बोटं मोडतात. बऱ्याचदा रंग बिचारा चांगलाच असतो. तो फक्त सगळ्यात वरच्या थराला चिकटतो, आणि तो थर धुळीचा असेल तर धुळीला अगदी घट्ट चिकटतो. मग धूळ निघते आणि पट्टाही तिच्यासोबत जातो. त्यामुळे पट्ट्याचं आयुष्य डब्यावर काय छापलंय यापेक्षा आधी रस्ता कसा झाडला, कसा वाळवला, यावर जास्त ठरतं.

महामार्गावर दिसणारे जाड पट्टे हे नेहमीच्या अर्थाने रंग नव्हेतच. ते थर्मोप्लास्टिक. राळ, पांढरेपणासाठी टायटॅनियम डायॉक्साइड, चुनखडीची भुकटी आणि काचेचे बारीक मणी यांचं हे मिश्रण. ते बॉयलरमध्ये ढवळत साधारण 180 ते 200 अंश सेल्सिअसपर्यंत तापवतात आणि हातगाडीच्या पेटीतून दोन-तीन मिलिमीटर जाडीने रस्त्यावर सोडतात. त्यात उडून जाणारं विद्रावक, म्हणजे रंग पातळ ठेवणारा द्रव, नसतं, म्हणजे वाळायचं असं काही उरत नाही. नुसतं थंड व्हायचं असतं, म्हणून थोड्याच वेळात वाहतूक सोडता येते. मात्र तापमानाची कसरत नाजूक असते. जास्त तापलं तर राळ करपून पांढरा पिवळट होतो. कमी तापलं तर पकड बसत नाही. आणि रस्ता ओला असेल तर अडकलेल्या पाण्याची वाफ पट्ट्याला भोकं पाडत बाहेर पडते.

डांबराशी या पदार्थाचं चांगलं जमतं. गरम थर पडताच खालचं डांबर किंचित वितळतं आणि दोघं एकमेकांत मिसळून गोठतात. साध्या, विद्रावक असलेल्या रंगाचं मात्र उलटं होतं. त्यातलं विद्रावक डांबरच विरघळवतं, ते वर झिरपतं आणि पांढरा पट्टा तपकिरी दिसू लागतो. डांबर अगदी ताजं असेल तर हे जास्त होतं.

खरी डोकेदुखी काँक्रीटची. मुंबई-पुणे द्रुतगती महामार्गासारख्या सिमेंटच्या रस्त्यावर वितळायला काही नसतं. पट्ट्याला पृष्ठभागाच्या खरबरीतपणात शिरून पाय रोवावे लागतात. त्यासाठी आधी प्रायमर, म्हणजे पकड देणारा पहिला थर, लागतो, आणि प्रायमरच्याही आधी घासकाम. काँक्रीट सपाट करताना पाणी वर येतं आणि सोबत सिमेंटचे बारीक कण आणतं. दुधावर साय धरावी तसा त्यांचा एक कच्चा थर वर धरतो. शिवाय पाणी उडू नये म्हणून ताज्या रस्त्यावर मेणासारखं रसायन फवारलेलं असतं. हे दोन्ही खरवडून काढल्याशिवाय मारलेला पट्टा म्हणजे वाया गेलेला पैसा, असं माझं स्पष्ट मत आहे.

काँक्रीटमध्ये आणखी एक रासायनिक सापळा आहे. नवं काँक्रीट तीव्र अल्कधर्मी असतं, त्याचा सामू (पीएच) 12 ते 13 च्या घरात. तेलावर आधारित अल्किड रंग त्यावर लावला आणि ओल असली, तर तेल आणि अल्क यांची तीच अभिक्रिया होते जी साबणाच्या कारखान्यात होते. पट्ट्याच्या तळाचा चक्क साबण बनतो! ओल तपासायची सोपी रीत आहे. दीड फूट लांबी-रुंदीचा पारदर्शक प्लॅस्टिकचा तुकडा चारही कडांनी चिकटपट्टीने बंद करून किमान 16 तास ठेवायचा. आतून थेंब दिसले किंवा खालचं काँक्रीट काळवंडलं, तर थांबायचं.

पट्टा सुटला का, यापेक्षा तो कुठून सुटला हे पाहणं उपयोगाचं असतं. खपली उलटी करा. खाली डांबर आणि खडीचे कण चिकटून आले असतील तर पकड उत्तम होती, रस्ताच कमकुवत निघाला. तळ गुळगुळीत किंवा धुळीने माखलेला असेल तर दोष तयारीचा.

आता रात्रीचं बोलू. गाडीच्या दिव्याचा प्रकाश 30 मीटर पुढे पोचतो तेव्हा रस्त्याशी त्याचा कोन जेमतेम सव्वा अंशाचा असतो. इतका तिरका आलेला प्रकाश साध्या रंगावरून बहुतांशी पुढे निघून जातो, चालकाकडे परतत नाही. तो परतवतात ते काचेचे मणी. मण्यात शिरताना प्रकाश वाकतो, मागच्या बाजूच्या पांढऱ्या रंगावर पडतो आणि आला त्याच दिशेने माघारी जातो. यासाठी मणी निम्म्याहून किंचित जास्त रुतलेला हवा. पूर्ण बुडाला तर आंधळा, वरवर बसला तर चाकाखाली उखडतो. काही मणी नुकत्याच मारलेल्या पट्ट्यावर वरून भुरभुरवतात आणि काही मिश्रणातच असतात. वरचे झिजले की आतले उघडे पडतात, म्हणजे थोडी झीज हिशेबातच धरलेली असते.

पावसाळी रात्री मात्र हा सगळा खेळ बिघडतो. अपवर्तनांक म्हणजे पदार्थ प्रकाशाला किती वाकवतो याचं माप. काचेचा अपवर्तनांक सुमारे 1.5, हवेचा 1 आणि पाण्याचा 1.33. मण्यावर पाण्याचा थर चढला की काच आणि तिच्याभोवतीचं माध्यम यांतला फरक कमी होतो, प्रकाश पुरेसा वाकत नाही आणि पट्टा जणू पुसला जातो. त्यावर उपाय म्हणून पट्ट्यावर पाण्याच्या थरातून डोकं वर काढणारे उंचवटे देतात, किंवा मोठे, जास्त अपवर्तनांकाचे मणी वापरतात. उंचवट्यांमुळे चाक पट्ट्यावर गेलं की घरघर ऐकू येते, हा वरचा फायदा. दुचाकीवाल्यांची तक्रार वेगळीच असते: ओला पट्टा निसरडा लागतो. ती खरी आहे, कारण काचेचे गोल मणी टायरला पकड देत नाहीत. म्हणून झेब्रा क्रॉसिंगसारख्या ठिकाणी मण्यांसोबत टोकदार, कठीण खनिजाची कच टाकणं चांगलं. ती टाकली की चमक थोडी घटते.