चर्चच्या फरशीवरचा सूर्य

फ्लॉरेन्सच्या कॅथीड्रलमध्ये मुख्य दाराच्या वर, आतल्या भिंतीवर एक भलेमोठे घड्याळ आहे. त्याची तबकडी पाओलो उच्चेल्लोने 1443 मध्ये रंगवली. तास 24, काटा एकच आणि तोही उलटा फिरणारा. चोविसावा तास म्हणजे सूर्यास्त. सांजप्रार्थनेची घंटा झाली की फ्लॉरेन्सकरांचा दिवस संपायचा. त्यांचे नवे वर्ष लागायचे 25 मार्चला, देवदूताने मारियेला येशूच्या जन्माची शुभवार्ता सांगितली त्या सणाला.

प्रबोधनकाळ म्हणजे धर्माची पकड सुटण्याचा काळ, असे आपण शाळेपासून ऐकत आलो. मला ते फार अपुरे वाटते. त्या शहरात खाटकाचा धंदा कधी थंडावणार हेसुद्धा ईस्टर ठरवी, कारण त्याआधीच्या 40 दिवसांच्या उपवासात मांस वर्ज्य. आणि ईस्टर कधी? 21 मार्चला किंवा त्यानंतर येणाऱ्या पहिल्या पौर्णिमेनंतरच्या रविवारी. सूर्य, चंद्र आणि वार, तिघांचा मेळ! तिथी पाहून सण करणाऱ्यांना यातली मेख लगेच कळेल.

तेव्हाच्या कॅलेंडरातले, म्हणजे ज्युलियन, वर्ष 365 दिवस 6 तासांचे; खरे सौरवर्ष त्याहून सुमारे 11 मिनिटांनी लहान. म्हणजे साधारण 128 वर्षांत एका दिवसाची चूक. सोळाव्या शतकात ती 10 दिवसांवर गेली होती. सण चुकला की उपवासही चुकला, आणि श्रद्धाळू माणसाला ही गोष्ट सलणारच.

ती चूक मोजायला चर्चच कामी आले. उंच, अंधारी वास्तू आणि वर एक छिद्र, की सूर्याची प्रतिमा फरशीवर उमटते. छिद्र जितके उंच, तितकी सूर्याची जराशी हालचालही फरशीवर मोठी दिसते. 1475 च्या सुमारास तोस्कानेल्ली या खगोलज्ञाने कॅथीड्रलच्या घुमटात, सुमारे 90 मीटर उंचीवर, असेच छिद्र बसवले. पुढे इन्यात्सिओ दान्ती या डोमिनिकन साधूने सान्ता मारिया नोव्हेल्ला चर्चच्या दर्शनी भिंतीवर वेधयंत्रे लावली. 1574 मध्ये वसंत संपात, म्हणजे दिवस-रात्र समान असण्याचा दिवस, 21 ऐवजी 11 मार्चला येतो, हे त्याने तिथे दाखवून दिले. त्याची यंत्रे आजही त्या भिंतीवर आहेत.

1582 मध्ये पोप ग्रेगरी तेरावे यांनी 4 ऑक्टोबरच्या दुसऱ्या दिवशी 15 ऑक्टोबर आणला. आपल्या भिंतीवरच्या कॅलेंडरातल्या तारखा त्याच सुधारणेतल्या.

तोस्कानेल्लीचे छिद्र अजून तिथेच आहे. जूनमध्ये, दिवस सर्वांत मोठा असतो त्या सुमारास, दुपारी घुमटातून जवळजवळ मीटरभर रुंद प्रकाशाचे वर्तुळ खाली उतरते आणि संगमरवरी चकतीवरून सावकाश सरकत जाते. लोक भोवती गोळा होऊन ते पाहतात.