मलेरियाचे कार्ड आणि मलेरियाची काचपट्टी: ‘निगेटिव्ह’ नेमके काय?

बडोद्याच्या दांडिया बाजारातील आमच्या प्रयोगशाळेत गेल्या पावसाळ्यात एक काकू मुलाचा रिपोर्ट घेऊन आल्या. मुलगा इथिओपियातून परतून बारा दिवस झाले होते, हुडहुडी भरून ताप दोनदा येऊन गेला होता आणि दुसरीकडे केलेल्या तपासणीच्या कागदावर ‘मलेरिया निगेटिव्ह’ एवढेच लिहिलेले होते. “एमपी तर झाली, आता टायफॉइडचं बघा,” असे त्यांचे म्हणणे होते. प्रत्यक्षात झाले होते ते कार्ड, म्हणजे रेषा उमटणारी झटपट तपासणी. एमपी, म्हणजे काचपट्टीवर सूक्ष्मदर्शकाखाली केलेला परजीवींचा शोध, झालाच नव्हता. ही गल्लत फार सर्रास होते आणि परदेशातून परतलेल्या माणसाच्या बाबतीत ती जिवावर बेतू शकते.

कार्ड परजीवी पाहत नाही, त्याने रक्तात सोडलेली प्रथिने पकडते. बोटातल्या रक्ताचा थेंब आणि द्रावणाचे काही थेंब टाकले की पंधरा-वीस मिनिटांत रेषा उमटते, त्यासाठी सूक्ष्मदर्शक लागत नाही की वीज. आपल्याकडच्या बहुतेक कार्डांवर फाल्सिपेरम या मलेरियाच्या सर्वांत घातक जातीची रेषा एचआरपी-२ या प्रथिनावर अवलंबून असते. पूर्व आफ्रिकेतून आलेल्यांच्या बाबतीत अडचण नेमकी इथेच आहे, कारण इथिओपिया, इरिट्रिया आणि जिबूती येथील काही फाल्सिपेरम परजीवींमध्ये हे प्रथिन बनवणारे जनुकच गळालेले आढळले आहे. असा परजीवी रक्तात भरपूर असला, तरी ती रेषा कोरीच राहू शकते. त्याखेरीज एका मायक्रोलिटर रक्तात शंभर-दोनशेपेक्षा कमी परजीवी असतील, तर ते कार्डाच्या हाती सहसा लागत नाहीत. आफ्रिकेत आढळणाऱ्या ओव्हाले आणि मलेरिए या जातींच्या बाबतीतही कार्ड कमकुवत आहे.

काचपट्टीचे काम सावकाशीचे. एकाच पट्टीवर रक्ताचे दोन थर घेतात. जाड थर इतकाच जाड हवा की ओला असताना त्याखाली धरलेल्या वर्तमानपत्राची अक्षरे जेमतेम वाचता यावीत. परजीवी आहे की नाही, हे तो सांगतो. पातळ थरात तांबड्या पेशी शाबूत राहतात, म्हणून जात ओळखता येते आणि किती टक्के पेशी बाधित आहेत तेही मोजता येते. उपचाराची दिशा यावरच ठरते. व्हायव्हॅक्स किंवा ओव्हाले ही जात असेल, तर यकृतात दडून बसलेल्या अवस्थांसाठी जी-६-पीडी या तांबड्या पेशींतल्या विकराची (एन्झाइमची) तपासणी करून प्रायमाक्विन द्यावे लागते. फाल्सिपेरम असेल, तर आर्टेमिसिनिनयुक्त मिश्र औषधे लगेच सुरू करावी लागतात. मात्र पाहणारा डोळा कसलेला हवा. घाईत चाळलेली पट्टी कार्डापेक्षाही अधिक फसवते, हे मी स्वतः पट्ट्या वाचत असूनही मान्य करतो.

उपचारानंतर तर दोघांची साक्ष पुष्कळदा उलट येते. परजीवी मेल्यावरही एचआरपी-२ रक्तात काही आठवडे रेंगाळते, त्यामुळे बऱ्या झालेल्या माणसाचेही कार्ड पॉझिटिव्ह दिसते आणि घरचे धास्तावतात. औषध लागू पडत आहे का, हे पाहायचे तर रोज काचपट्टीच करावी.

एकदा ‘निगेटिव्ह’ आले म्हणजे मलेरिया नाही, असे दोन्हींपैकी कशावरूनही ठरत नाही. संशय कायम असेल, तर बारा ते चोवीस तासांच्या अंतराने एकूण तीन वेळा काचपट्टी पाहावी लागते. म्हणून रिपोर्ट हातात घेताना त्यावर ‘अँटिजेन’ (म्हणजे कार्ड) लिहिले आहे की ‘स्मिअर’ (म्हणजे काचपट्टी), ते पाहावे आणि कोणत्या देशातून कधी परतलो, ते डॉक्टरांनी विचारण्याची वाट न पाहता सांगावे.

त्या मुलाच्या जाड थरात त्याच संध्याकाळी फाल्सिपेरमच्या नाजूक अंगठ्या, म्हणजे अंगठीच्या आकाराचे परजीवी, दिसल्या. पातळ थरात दर हजार पेशींमागे चार पेशी बाधित निघाल्या. रात्रीच त्याला रुग्णालयात दाखल करून औषध सुरू झाले आणि तिसऱ्या दिवशीच्या पट्टीवर शोधूनही अंगठी सापडली नाही.